पीएचडीच्या निकालाची तारीख कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे-जून आला की तुमच्या पेपरात अकरावीच्या ॲडमिशनचं रोज काहीतरी असतंच. पहिली फेरी कधी, भाग दोन कधी भरायचा, कटऑफ किती लागला, इनहाऊस कोट्यात जागा उरल्या का, सगळं तारखेसकट. त्याबद्दल तक्रार नाहीये, माझ्या मामेभावाच्या वेळी आमच्याकडे तुमचीच कात्रणं फ्रीजवर लावली होती. पण याच पुण्यात त्याच महिन्यांत अजून एक ॲडमिशन चालू असते आणि तिची साधी चौकट पण कधी दिसत नाही. पीएचडीची. आमची बातमी येते ती डायरेक्ट फेलोशिप रखडली, मुलं उपोषणाला बसली की मग. त्याच्या आधीचा जो काळ असतो, म्हणजे इंटरव्ह्यू देऊन झालाय आणि निकाल कधी ते कोणीच सांगत नाहीये, तो कोणाच्या खिजगणतीतच नाही. म्हणून हे पत्र. जरा लांबणार आहे, कापायचं तिथे कापा.

मी एमएस्सी करून पुण्यातच एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर आहे. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते. आमच्या फ्लॅटमध्ये सगळ्या जणी कशाची ना कशाची वाट बघणाऱ्याच आहेत, दोघी एमपीएससीवाल्या, एक अमेरिकेतल्या ॲडमिशनच्या मेलची, आणि मी इथल्या. एमपीएससीच्या मुलांचे हाल सगळ्या गावाला माहितीयेत, अभ्यासिका, मेस, चहाची टपरी, सगळं तुम्ही छापता. आमची जमात जरा विखुरलेली, वेगवेगळ्या संशोधन संस्थांत. पाषाणला आयसर आणि एनसीएल, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, आयुका, एनसीआरए, आगरकर रोडला आघारकर संस्था, शिवाय विद्यापीठाचे स्वतःचे विभाग आणि कॉलेजांमधली रिसर्च सेंटरं. एका शहरात एवढ्या संस्था म्हटल्यावर देशभरातून मुलं इथे इंटरव्ह्यूला येतात. विद्यापीठ चौकाच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षात बसून फाईल छातीशी धरलेला एखादा मुलगा दिसला तर समजा आमच्यापैकीच.

ज्यांच्या घरात कोणी या वाटेला गेलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधी परीक्षा. नेट वर्षातून दोनदा, गेट फेब्रुवारीत, बायोलॉजीवाल्यांना टीआयएफआरची जीबिल्स, फिजिक्सवाल्यांना जेस्ट, खगोलवाल्यांना आयुका-एनसीआरएची आयनॅट. त्यात पास झालं म्हणजे ॲडमिशन झाली असं घरच्यांना वाटतं, पेढे वाटून होतात, पण ते फक्त इंटरव्ह्यूला बोलवायचं तिकीट असतं. ऑगस्टच्या बॅचचे इंटरव्ह्यू साधारण मे-जूनमध्ये, काही ठिकाणी जानेवारीची बॅच पण असते तिचे वर्षाच्या शेवटी. आणि खरी ॲडमिशन तिथे ठरते.

इंटरव्ह्यूबद्दल माझी तक्रार नाही हे आधीच सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही इंटरव्ह्यूला घाबरतो. घाबरतो, पण तो भाग बरा असतो. समोर पाच-सहा प्राध्यापक, एक व्हाईटबोर्ड, आणि पहिला प्रश्न बहुतेक एमएस्सीच्या डेझर्टेशनवर किंवा तुझा आवडता विषय कोणता यावर. आवडता विषय सांगितला की तिथूनच खणायला सुरुवात होते. ज्युनिअर मुलांचा आम्ही मॉक घेतो तेव्हा मला आलेला एक प्रश्न मी सगळ्यांना विचारते, ई. कोलाय या जिवाणूच्या एका पेशीत एका प्रोटीनचा एकच रेणू आहे तर त्याचं कॉन्सन्ट्रेशन किती? पोरं पांढरी पडतात, कारण हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नसतं. पण पेशीचं आकारमान साधारण एक फेम्टोलिटर एवढं आठवलं, म्हणजे दहाचा उणे पंधरावा घात लिटर, आणि ॲव्होगाड्रोचा आकडा तर अकरावीपासून पाठच असतो, की मग भागाकार उरतो आणि दीड-पावणेदोन नॅनोमोलर उत्तर येतं. आणि खरं सांगायचं तर उत्तराशी त्यांना फार घेणंदेणं नसतं, ते बघतात की ही मुलगी बोर्डासमोर उभी राहून मोठ्याने विचार करते का गप्प बसते. माहीत नाही असं म्हटलेलं चालतं. माहीत नसताना ठोकून दिलेलं दोन मिनिटांत पकडलं जातं. हल्ली क्लासवाल्यांनी टेल मी अबाऊट युवरसेल्फची पाठ केलेली उत्तरं विकायला सुरुवात केलीये, त्यावर पैसे घालवू नका एवढंच माझं मत, त्यापेक्षा स्वतःच्या डेझर्टेशनमधला प्रत्येक कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) का घेतला ते आईला समजेल असं सांगता येतंय का बघा.

इंग्रजीचं पण सांगते, कारण नांदेड-लातूर-सोलापूरकडून येणाऱ्या मुलांचा अर्धा जीव त्यातच जातो. माझ्या बरोबरच्या एका मुलीला इथल्याच एका इंटरव्ह्यूत वाक्यच सुचेना, नुसतं सो, सो चाललेलं, तर पॅनेलमधल्या एक मॅडम म्हणाल्या मराठीत सांगा, मी बाकीच्यांना सांगते. मग काय, ती मुलगी बोर्डावर बाण काढत काढत दहा मिनिटं थांबलीच नाही! बाहेर आली तेव्हा हातावर, कुर्त्यावर सगळीकडे मार्करची शाई. तिचं सिलेक्शन झालं. असे लोक पॅनेलवर असतात आणि त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून इथे लिहिलं.

आता मूळ मुद्दा. इंटरव्ह्यू संपतो, सगळे थँक्यू म्हणतात, बाहेर ऑफिसात सही करून घेतात, आणि विचारलं की निकाल कधी तर उत्तर ठरलेलं, वेबसाईट बघत रहा. वेबसाईट बघत रहा म्हणजे कधीपर्यंत? आठवडा, महिना, का दिवाळीपर्यंत? जाहिरातीत खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की याबाबत कोणताही पत्रव्यवहार केला जाणार नाही. मग सिलेक्ट झालेल्यांना मेल जातो आणि बाकीच्यांना काहीच जात नाही. काहीच म्हणजे काहीच नाही. नकार आलाय हे आपलं आपण शोधून काढायचं, बरोबरच्या एखाद्याच्या स्टेटसला नव्या हॉस्टेलचा फोटो दिसला की समजायचं झालं. आमच्या एका ग्रुपवर मुलं एकमेकांना विचारत असतात, तुला आला का, तुला आला का, आणि एकाला आला की बाकीचे सगळे रात्रभर स्पॅम फोल्डर उघडून बसतात.

काही संस्थांत पहिल्या फेरीनंतर संध्याकाळी नोटीस बोर्डावर कागद लागतो, यात नाव असेल त्यांनी उद्या दुसऱ्या फेरीला यायचं, बाकीच्यांनी घरी. बघायला ते फार क्रूर दिसतं. कँटीनच्या बाहेर सगळे जमलेले, कोणीतरी येऊन चार पिना टोचून जातं, आणि आदल्या दिवसापासून ज्याच्याशी दोस्ती झालेली तो केरळचा मुलगा बॅग उचलून स्टेशनच्या रिक्षाची चौकशी करायला लागतो. पण विचाराल तर मला तो कागद आवडतो. त्या मुलाला रात्रीच्या गाडीत बसताना माहीत असतं की इथलं संपलं, पुढचं बघू. ज्याला काहीच सांगितलं नाही तो मुलगा पुढचे महिने त्याच बोर्डासमोर उभा असतो, भले शरीराने गावाला का असेना.

हे एवढं का लांबतं त्याचं एक कारण साधं आहे आणि त्यात कोणाचीच बदमाशी नाही. हुशार मुलगा किंवा मुलगी चार ठिकाणी निवडली जाते. चारही ठिकाणी होकार ठेवते, कारण पाचव्या, जास्त आवडत्या ठिकाणचा निकाल आलेला नाही. त्या चार जागांवर वेटिंगला जी मुलं आहेत ती अडकतात. पाचवा निकाल जुलैच्या शेवटी येतो, मग ती मुलगी चार जागा सोडते, त्यातल्या दोन ठिकाणी सांगते, दोन ठिकाणी सांगतच नाही, नुसती जॉईनिंगला जात नाही. संस्थेला ते ऑगस्टमध्ये कळतं. मग वेटिंगवाल्याला फोन जातो की परवा कागदपत्रं घेऊन या, तोपर्यंत तो कुठेतरी कंपनीत लागलेला असतो किंवा दुसरीकडे जॉईन झालेला असतो. जागा रिकामी, आणि ज्याला हवी होती तो पण उपाशी. रेल्वेच्या वेटिंगला निदान तुमचा नंबर किती ते तरी दिसतं, इथे तुम्ही वेटिंगला आहात का नाही हे पण गुपित.

माझी अमेरिकेची वाट बघणारी रूममेट आहे तिचं बघून मला हे जास्त जाणवलं. तिकडे १५ एप्रिल अशी एक तारीख आहे. कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स नावाची त्यांची संघटना आहे, तिच्या ठरावावर तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी सह्या केल्यात की फेलोशिप किंवा असिस्टंटशिपची ऑफर दिली तर विद्यार्थ्याला १५ एप्रिलच्या आधी हो-नाही सांगायची सक्ती करायची नाही. त्यामुळे काय होतं की मुलं त्या तारखेपर्यंत सगळ्या ऑफर समोर ठेवून ठरवतात, आणि जागा सुटायच्या त्या सुटतात, वेटिंगवाल्यांना पण त्याच सुमाराला कळतं. सगळं काही तिकडे गोड आहे असं नाही. २०२५च्या मार्चमध्ये संशोधनाच्या पैशाला कात्री लागली तेव्हा तिथल्या काही ठिकाणांनी दिलेल्या ऑफर परत घेतल्या, व्हिसाच्या स्लॉटची बोंब वेगळीच. आणि वाट बघणं तिचं पण सुटलेलं नाही, न्यूयॉर्ककडची ऑफिसं उघडतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा-साडेसात, कॅलिफोर्नियाची त्याहून उशिरा, म्हणजे बाईसाहेबांची ड्युटी आमची जेवणं झाल्यावर सुरू, लॅपटॉप मांडीवर आणि पोर्टलवर तेच अंडर रिव्ह्यू. पण तिला निदान नकाराचे मेल येतात. एक आला की ती बाल्कनीत जाऊन थोडं रडते, मग मॅगी करते, मग एक्सेलमध्ये ती ओळ लाल करते. माझ्या एक्सेलमधल्या ओळी पांढऱ्याच आहेत.

बरं, अमेरिकेचं सोडा, आपल्याकडे होत नाही का? एमटेकला आयआयट्यांनी कोॲप नावाचं पोर्टल केलंय. सगळ्या ऑफर एका जागी दिसतात, फेऱ्यांच्या तारखा आधी जाहीर, आणि प्रत्येक फेरीत मुलाने सांगायचं की ही जागा घेतली आणि संपलं, किंवा ही धरून ठेवतो पण पुढचं बघतो, किंवा ही नको. न सांगता चार जागा अडवून ठेवायची सोयच नाही. अकरावीचं तर तुम्हीच छापता, आता अख्ख्या राज्याची प्रक्रिया ऑनलाईन झालीये. सोळा वर्षांच्या पोराला सरकार कॉलेज अलॉट झालं का ते तारीख-वार सांगतं, आणि चोवीस-पंचवीस वर्षांच्या माणसाला, जो उद्या देशाचं संशोधन करणार म्हणून भाषणं होतात, त्याला वेबसाईट बघत रहा. वर एक गंमत बघा, जीबिल्सचे किंवा जेस्टचे मार्क एकाच वेळी कितीतरी संस्था वापरतात. म्हणजे परीक्षेपुरतं एकत्र यायला जमलेलंय. उत्तर द्यायची वेळ आली की प्रत्येकाचं कॅलेंडर वेगळं.

विद्यापीठांच्या वाटेने जाणाऱ्यांचं त्रांगडं अजून वेगळं. २०२४ पासून यूजीसीने नेटच्या मार्कांवर पीएचडी प्रवेश सुरू केला. ज्यांना जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, नाही, पण नेटमध्ये पीएचडीसाठी पात्र ठरलेत, त्यांना ७० टक्के वजन नेटच्या पर्सेंटाईलला आणि ३० टक्के इंटरव्ह्यूला, आणि ते मार्क चालणार एकच वर्ष. आता त्याच वर्षी काय झालं आठवा, १८ जूनला परीक्षा झाली, १९ जूनला रद्द झाली, परत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतली, निकाल ऑक्टोबरात. म्हणजे परीक्षेतच चार महिने गेले. त्यात गाईडकडे जागा असायला हव्यात, प्रोफेसरकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार असा नियम आहे, त्या कधी रिकाम्या होतील ते आधीच्या पोरांचा थीसिस कधी जमा होतो त्यावर. मी दोष कोणा एकाला देत नाही, पण ज्याचे मार्क एका वर्षात शिळे होणार आहेत त्याला आमची यादी अमुक महिन्यात लागेल एवढं सांगायला काय हरकत आहे?

आणि या थांबण्याला पैसे लागतात हो. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० झाली, वर घरभाडं वेगळं, पण ती जॉईन झाल्या दिवसापासून मिळते. निकाल दोन महिने लांबला की दोन महिन्यांचे पैसे हातातून गेले. तोवर जो प्रोजेक्टवर आहे त्याचं काँट्रॅक्ट रिन्यू करायची वेळ येते, सर विचारतात थांबणार आहेस ना, नवीन प्रयोग सुरू करायचाय, काय सांगणार? हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर हा पण पगार गेला. बाहेरगावच्यांना रूमचं डिपॉझिट. घरी बाबा फोनवर थेट विचारत नाहीत पण पावसापाण्याचं बोलून झालं की एक पॉज घेतात, आणि आत्या मात्र थेट विचारते, कारण तिच्याकडे स्थळ तयार आहे आणि त्या लोकांना पण तारीख हवीये. (त्यांचं उत्तर मात्र चार दिवसांत येतं, हे मानलं पाहिजे.)

संस्थांची बाजू मला माहिती नाही असं नाही, लॅबमध्ये बसून रोज ऐकतेच. जागा किती ते वरून मंजुरी आल्याशिवाय नक्की होत नाही, कोणाला ग्रँट मिळाली कोणाला नाही यावर आकडा हलतो, ऑफिसात माणसं कमी, आणि नकार लेखी दिला की कोणी आरटीआय टाकतं, कोर्टात जातं अशी भीती. मान्य. पण कारण कोण मागतंय? मला का घेतलं नाही ते सांगू नका, फीडबॅक नको, सांत्वन तर मुळीच नको. ज्यांना इंटरव्ह्यूला बोलावलं त्या सगळ्यांचे मेल आयडी तुमच्याकडे आहेतच, बोलावताना एकाच वेळी सगळ्यांना मेल टाकलात तसाच अजून एक टाका की निवड झालेली नाही, धन्यवाद. वेटिंगला असेल तर नंबर सांगा. बोलावण्याच्या पत्रातच लिहा की निकाल अमुक तारखेपर्यंत, आणि मंजुरी अडकली तर त्या तारखेला मंजुरी अडकली, पुढची तारीख ही, असं लिहा. आम्ही समजून घेऊ, आमचे स्वतःचे प्रयोग कधी वेळेवर झालेत? आणि निदान पुण्यातल्या संस्थांनी एकत्र बसून ऑगस्टच्या बॅचसाठी होकार-नकाराची एकच शेवटची तारीख ठरवावी, ३० जून म्हणा, १० जुलै म्हणा, काय सोयीचं ते. निम्म्या संस्था तर एकमेकांपासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर आहेत.

मुलांना पण एक सांगायचंय, जागा घ्यायची नसेल तर त्याच दिवशी मेल टाकून सोडा. लाज कसली वाटते त्यात? तुमच्या मागे कोण उभं आहे ते तुम्हाला दिसत नाही, पण उभं असतं. आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं कोणी ठेवून घेत असेल तर २०१८ सालीच यूजीसीने विद्यापीठांना आणि कॉलेजांना मूळ कागद ठेवून घेऊ नका असं बजावलंय, ते दाखवा.

तुमच्याकडून एवढंच हवंय की येत्या सीझनला तुमच्या वार्ताहराने या सगळ्या संस्थांना एकेक फोन करून विचारावं, निकाल कधी लावणार, आणि जे उत्तर येईल ते अकरावीच्या कटऑफशेजारी एका चौकटीत छापावं. कोणी सांगितलं नाही तर त्या संस्थेच्या नावापुढे सांगितलं नाही असं छापा. आम्ही फोन केला तर ऑपरेटर एक्स्टेन्शन जोडून देते आणि ते वाजत राहतं, पेपरवाल्यांचा उचलतील.

नाव छापू नका प्लीज. एका ठिकाणचा निकाल अजून यायचाय.

आपली नम्र,
एक प्रोजेक्ट असिस्टंट,
नवी पेठ, पुणे